वर्गातील अबोल मूल : ऐकणे, बोली आणि वाचादोष

पहिलीच्या वर्गात दरवर्षी एखादे तरी मूल असे आढळते, की हजेरीच्या वेळी उच्चारलेला 'हजर' हा एक शब्द सोडला तर दिवसभर त्याचा आवाज कोणास ऐकू येत नाही. काही मुले बोलतात, परंतु त्यांचे बोलणे इतके बोबडे असते की सोबत्यांना हसू येते. काही पहिल्याच अक्षरावर अडखळतात. आरंभी अशा मुलास बुजरे म्हटले जाते, सहामाहीनंतर कच्चे म्हटले जाते आणि वर्ष संपता संपता 'मंद' हा शिक्का त्याच्यावर बसतो. शिक्का मारणे सोपे असते, तो पुसणे फार कठीण. अशा मुलांपैकी कित्येकांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते. अडचण असते ती कानात, उच्चारात, भाषेच्या वाढीत किंवा घर आणि शाळा यांच्या बोलींमधील अंतरात. ती नेमकी कोठे आहे हे ठरविण्याचे आणि तिच्यावर उपाय करण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. त्या शास्त्राच्या जाणकारास वाचा-उपचारतज्ज्ञ, किंवा नेहमीच्या बोलण्यात 'स्पीच थेरपिस्ट', असे म्हणतात. त्याचे शाळेतील कार्य कोणते, आणि तो जवळ नसेल तेथे शिक्षकास काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

या कार्याचा उगम

बोलण्यातील दोष हा शाळेने लक्ष घालण्याचा विषय आहे, हा विचार फार जुना नाही. अमेरिकेत शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांत १९१० साली वाचासुधारणेसाठी स्वतंत्र शिक्षक नेमण्यात आले. आपल्याकडे या कामाचा आरंभ मूकबधिरांच्या शिक्षणातून झाला. मुंबईत १८८५ साली मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाली. देशातील अशा सर्वांत जुन्या शाळांत तिची गणना होते. पुढे १९६५ साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली आणि त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले. ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ऐकण्याचे व बोलण्याचे दोष असलेल्यांची तपासणी, उपचार आणि तज्ज्ञांचे प्रशिक्षण ही तिन्ही कामे तेथे चालतात.

वांद्रे हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्य ठाणे होय. या जिल्ह्यास जिल्हा परिषद नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील सार्वजनिक प्राथमिक शाळा महानगरपालिका चालविते. तरीही ग्रामीण शिक्षकाने या उपनगरांकडे लक्ष द्यावे असे कारण आहे. तेथे जुनी गावठाणे व कोळीवाडे आहेत, बोरिवलीच्या जंगलालगत वारली पाडे आहेत, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे आहेत आणि उत्तर व दक्षिण भारतातून आलेलीही आहेत. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून चालत आलेल्या आहेत. मुलाच्या बोलण्यात दोष आहे, की त्याची बोलीच निराळी आहे, हा प्रश्न इतक्या ठळकपणे अन्यत्र क्वचितच उभा राहत असेल. तज्ज्ञ तेथे हा प्रश्न ज्या क्रमाने सोडवितो, तोच क्रम खेड्यातील एकशिक्षकी शाळेतही उपयोगी पडणारा आहे. या क्रमात तीन प्रश्न येतात.

पहिला प्रश्न : मुलास नीट ऐकू येते काय?

मूल बोलावयास शिकते ते ऐकून. यास्तव कोणत्याही वाचादोषाची तपासणी कानापासून सुरू होते. संपूर्ण बहिरेपणा घरच्यांच्या ध्यानात बहुधा लवकर येतो. शाळेत निसटतो तो अर्धवट बहिरेपणा. सर्दीपडसे वारंवार होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचतो, किंवा कान फुटून वाहू लागतो. अशा मुलास आज कमी ऐकू येते, पंधरा दिवसांनी बरे ऐकू येते, पावसाळ्यात पुन्हा कमी ऐकू येते. 'मनात असले म्हणजे बरोबर ऐकतो' अशी तक्रार अशाच मुलांविषयी होत असते. वस्तुतः तो मनाचा लहरीपणा नसून कानाचा असतो.

दुसऱ्या एका प्रकारात मुलास स्वर चांगले ऐकू येतात, परंतु स, श, फ, थ यांसारखे बारीक नादाचे वर्ण ऐकू येत नाहीत. असे मूल हाकेला ओ देते, म्हणून त्याच्या कानाविषयी कोणास शंका येत नाही. शुद्धलेखनात मात्र ते नेमके हेच वर्ण गाळते किंवा बदलते.

शिक्षकाने पुढील खुणा पाहाव्यात : मूल बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते काय, एकच कान पुढे करते काय, सूचना मिळाल्यावर शेजाऱ्याची कृती पाहून मग स्वतः करते काय, पाठीमागून हलक्या आवाजात नाव घेतल्यास वळत नाही काय, कान दुखतो, वाहतो किंवा त्यास दुर्गंधी येते काय. यांपैकी दोनतीन खुणा आढळल्यास मुलास कानाच्या तपासणीसाठी पाठविणे अवश्य आहे. ही पाहणी म्हणजे तपासणी नव्हे. श्रवणशक्ती किती आहे ते यंत्राने मोजावे लागते.

दुसरा प्रश्न : मुलाची घरची बोली कोणती?

आगरी-कोळी बोलीत 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'ल' होतो. तेथे 'पाणी' हे 'पानी' आणि 'डोळा' हा 'डोला' असतो. आगरी बोलीत 'गाडी' ची 'गारी' होते. वऱ्हाडी मूल 'काळा' ऐवजी 'काया' म्हणते. हे दोष नव्हेत. मुलाची आई, आजी, सगळी आळी असेच बोलते आणि मूल त्यांच्याकडून अचूक शिकलेले आहे. असे बोलणे म्हणजे त्याचा कान व जीभ उत्तम काम देत असल्याचा पुरावाच होय.

भाषाच निराळी असेल तर अंतर आणखी वाढते. हिंदी वर्णमालेत 'ळ' नाही. भोजपुरी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी 'श' चा 'स' होतो. असे मूल मराठी शाळेत आले म्हणजे 'शाळा' हा शब्द त्याच्या तोंडून 'साला' असा बाहेर पडतो. वर्ग हसतो. शिक्षकास ती शिवी वाटली तर मुलास शिक्षा होते, आणि आपले काय चुकले हेही त्यास कळत नाही. तमिळ भाषेत अल्पप्राण व महाप्राण यांचा भेद अर्थ बदलत नाही. म्हणून तमिळ घरातील मूल 'घर' आणि 'गर' यांत घोटाळा करते. मराठीतील 'चाक' मधला 'च' आणि 'चहा' मधला 'च' हे दोन उच्चार वेगळे आहेत, हेही परभाषी मुलास सांगितल्यावाचून कळत नाही.

म्हणून तज्ज्ञ मुलाची परीक्षा शक्यतो त्याच्या घरच्या भाषेत घेतो आणि ती भाषा येत नसेल तर आईवडिलांची मदत घेतो. त्याची कसोटी अशी : मूल घरच्या भाषेत आपल्या वयाच्या इतर मुलांसारखे बोलत असेल, तर तो वाचादोष नाही, त्यास केवळ नवी भाषा शिकावयाची आहे. घरच्या भाषेतही त्याचे बोलणे मागे असेल किंवा घरच्यांनाही ते समजत नसेल, तरच दोषाचा विचार करावा. खरा दोष मूल जेवढ्या भाषा बोलते त्या सर्वांत दिसून येतो.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा निरास करणे जरूर आहे. दोन भाषा ऐकल्याने मूल गोंधळते व उशिरा बोलते, सबब घरची भाषा बंद करावी, असा सल्ला पालकांना पुष्कळदा मिळतो. शहरात तर घरी केवळ इंग्रजी बोलण्याचा आग्रह धरला जातो. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. उलट, आईस जी भाषा मोकळेपणाने बोलता येत नाही त्या भाषेत ती मुलाशी बोलू लागली, तर तिचे बोलणे तुटक होते आणि मुलाची भाषा घरातच उपाशी राहते. हा सल्ला शाळेने कधीही देऊ नये.

तिसरा प्रश्न : अडचण नेमकी कोठे आहे?

कान व बोली यांचा विचार झाल्यावर दोषाचा प्रकार ठरविता येतो. शाळेत प्रामुख्याने चार प्रकार आढळतात.

(१) उच्चारदोष. लहान मूल 'काका' ला 'ताता' म्हणते, यात नवल नाही. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसास समजावे, अशी अपेक्षा असते. र, ळ व जोडाक्षरे यांचे उच्चार त्यानंतर हळूहळू स्थिर होतात. परंतु सहासात वर्षांचे मूल 'कमळ' ला 'तमळ' म्हणत असेल तर त्यास साहाय्य हवे. कारण जे मूल 'तमळ' बोलते ते पुष्कळदा 'तमळ' असेच लिहिते, आणि उच्चाराचा दोष वाचन-लेखनात उतरतो. दुभंगलेल्या टाळूमुळे काही मुलांचे बोलणे नाकातून येते. साधारणतः सातशे जन्मांमागे एका बालकास दुभंगलेला ओठ अथवा टाळू असते. टाळूची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या दीड वर्षात केली जाते. ती राहून गेली असली तरी मुलास तज्ज्ञाकडे पाठवावे, आणि ती झाली असली तरी नंतर वाचा-उपचार बहुधा लागतो.

(२) भाषेची मंद वाढ. येथे उच्चार स्वच्छ असतात, परंतु शब्द थोडे व वाक्ये तुटक असतात. 'पाटी दप्तरात ठेव आणि मग दाराजवळ उभा राहा' अशी दुहेरी सूचना मुलास झेपत नाही. हा प्रकार सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, कारण असे मूल कोणास त्रास देत नाही.

(३) तोतरेपणा. याचा आरंभ बहुधा दोन ते पाच या वयात होतो. शंभरातील सुमारे पाच मुले केव्हा ना केव्हा अडखळत बोलतात; त्यांतील बहुतेकांचा दोष निघून जातो आणि प्रौढपणी शंभरात सुमारे एकाचा टिकतो. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक टिकतो. तोतरेपणा भित्रेपणातून किंवा दुसऱ्याची नक्कल केल्याने जडत नाही. मात्र चेष्टेने व धाकाने तो वाढतो.

(४) आवाजाचे दोष. सतत ओरडण्याने काही मुलांचा आवाज घोगरा होतो. घोगरेपणा दोनतीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास घसा तपासून घ्यावा. ही सूचना शिक्षकांच्या स्वतःच्या घशासही लागू आहे.

उपचार कसा चालतो?

उपचार म्हणजे जिभेचा व्यायाम, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. 'क' ऐवजी 'त' म्हणणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. तज्ज्ञ प्रथम मुलाच्या कानास शिकवितो. 'कार' आणि 'तार', 'काप' आणि 'ताप', 'काल' आणि 'ताल', 'कळ' आणि 'तळ' अशा जोड्यांची चित्रे किंवा चिठ्ठ्या पुढे मांडून, ऐकलेल्या शब्दावर मुलास बोट ठेवावयास लावतो. दोन ध्वनी निराळे आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो, हे मुलास उमगल्यावरच जिभेचे काम सुरू होते. 'क' च्या वेळी जिभेचे टोक खाली राहते व मागचा भाग वर उचलला जातो. हे गुळण्या करण्याच्या खेळातून, आरशात पाहून, मुलाच्या ध्यानी आणून देतात. एकटा 'क' साधल्यावर का, की, कू, मग 'काका', 'काकडी', 'चाक' असे शब्द, मग वाक्ये आणि शेवटी मोकळे बोलणे, असा क्रम असतो. शब्दाच्या आरंभी साधलेला वर्ण मध्ये व शेवटी साधेलच असे नाही. म्हणून तिन्ही ठिकाणी सराव घ्यावा लागतो.

या क्रमात आपली बाराखडी अनायासे उपयोगी पडते. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. पन्नास मुलांनी एका सुरात म्हटलेल्या बाराखडीत एका मुलाचा चुकलेला उच्चार बुडून जातो. त्याच बाराखडीतील एक ओळ त्या मुलाबरोबर समोरासमोर बसून रोज पाच मिनिटे घेतली, तर तो उपचाराचा भाग होतो.

तज्ज्ञ मुलास आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, अर्धा तास भेटतो. उरलेला सर्व वेळ मूल घरी आणि वर्गात असते. तज्ज्ञाच्या खोलीत साधलेला उच्चार वर्गात मागितला गेला नाही तर तो खोलीतच राहतो. म्हणून शाळेत काम करणारा चांगला तज्ज्ञ आपला बराच वेळ शिक्षकाशी बोलण्यात घालवितो. चालू पाठातील शब्द मागून घेतो आणि सरावासाठी तेच वापरतो.

वर्गात शिक्षकाने काय करावे?

तज्ज्ञ मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, पुढील गोष्टी कोणत्याही शाळेत करता येण्याजोग्या आहेत.

कमी ऐकू येणाऱ्या मुलास पुढे, खिडकी व रस्ता यांच्या गोंगाटापासून दूर आणि चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना तोंडी पाठ न घेता लेखन किंवा चित्रवाचन घ्यावे. सूचना छोट्या वाक्यांत द्यावी आणि 'समजले का?' असे न विचारता 'आता तू काय करणार?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नास प्रत्येक मूल 'हो' म्हणते.

मुलाने चुकीचा उच्चार केल्यास त्यास अडवून दहा वेळा म्हणावयास लावू नये. मूल 'तमळ' म्हणाले तर 'होय, कमळ. किती सुंदर कमळ आहे!' असे म्हणून शुद्ध रूप त्याच्या कानी पाडावे. बोलीतील शब्दासही हाच नियम लावावा : 'तुमच्या घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात' असे सांगितले म्हणजे घराचाही अपमान होत नाही आणि पुस्तकाचाही.

तोतऱ्या मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये. 'सावकाश बोल', 'श्वास घे' असे सांगू नये. त्याने मुलाचे लक्ष पुन्हा आपल्या अडखळण्याकडेच जाते. त्याच्याकडे शांतपणे पाहत थांबावे आणि आपली स्वतःची गती कमी करावी. सामुदायिक वाचनात व गाण्यात असे मूल बहुधा अडखळत नाही. यास्तव प्रकट वाचनाचा आरंभ जोडीने करावा. त्यास तोंडी कामातून कायमचे वगळणे हीदेखील शिक्षाच होय. केव्हा व कसे वाचावयाचे हे त्याच्याशी एकांतात बोलून ठरवावे. वर्गातील हसणे थांबविणे हे मात्र सर्वस्वी शिक्षकाचे काम आहे. तज्ज्ञास ते करता येणार नाही.

पालक आणि पुढील मार्ग

मूल उशिरा बोलू लागले म्हणजे वेखंड उगाळून चाटविणे, जिभेखालची दोरी कापून घेणे, तोंडात गोट्या धरून बोलावयास लावणे असे उपाय होतात. प्राचीन ग्रीसमधील एका वक्त्याने तोंडात खडे धरून वाणी सुधारली अशी आख्यायिका आहे; लहान मुलाने तसे केल्यास खडा श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. जिभेची दोरी कापण्याची गरज क्वचितच असते आणि तो निर्णय डॉक्टरनेच घ्यावयाचा असतो. या उपायांत सर्वांत मोठे नुकसान होते ते वेळेचे. भाषा शिकण्याचा उत्तम काळ बालपणीचा आहे. तो गेला म्हणजे तेच काम अनेक पटींनी कठीण होते. पालकांशी बोलताना दोष कोणाचा हे न काढता, 'मुलाचे कान एकदा तपासून घेऊ' एवढ्याच शब्दांनी आरंभ करावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील वैद्यकीय पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करते. श्रवणदोष, दुभंगलेली टाळू व भाषेची मंद वाढ या गोष्टी त्या तपासणीत समाविष्ट आहेत. पथक येण्यापूर्वी शिक्षकाने आपली यादी तयार ठेवली, तर गर्दीत गप्प बसणारे मूल निसटत नाही. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र व जिल्हा रुग्णालय आहे. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकाचेही साहाय्य घ्यावे. उपनगरांतील पालकांना कूपर व राजावाडी यांसारख्या महानगरपालिका रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभाग आणि वांद्रे येथील राष्ट्रीय संस्था जवळ आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात श्रवणदोष व वाचा-भाषादोष यांचा समावेश आहे. तेव्हा असे साहाय्य मागणे ही याचना नसून मुलाचा हक्क आहे.

यादी करताना नावापुढे 'मंद' असे लिहू नये. काय दिसले ते लिहावे : 'पाठीमागून हाक मारल्यास वळत नाही', 'घरी आगरी बोलतो, मित्रांत भरपूर बोलतो', 'क ऐवजी त म्हणतो, सूचना सर्व समजतात'. अशा एका ओळीवरून तज्ज्ञास पुढचा मार्ग दिसतो. दिवसभर मुलाजवळ असणारा शिक्षकच ती ओळ लिहू शकतो.

केंद्र संमेलनात चर्चेसाठी

१. आपल्या गावच्या बोलीत प्रमाण मराठीहून निराळे होणारे दहा उच्चार लिहून काढा. यांपैकी कोणते उच्चार शाळेत आजवर 'चूक' म्हणून गणले गेले?

२. 'ग' आणि 'घ', 'प' आणि 'फ', 'ड' आणि 'ढ' यांचा भेद कानास शिकविण्यासाठी चित्रे काढता येतील अशा शब्दांच्या प्रत्येकी तीन जोड्या तयार करा.

३. आपल्या वर्गातील सर्वांत कमी बोलणाऱ्या दोन मुलांचे एक आठवडा निरीक्षण करा आणि प्रस्तुत पाठातील तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी एका वाक्यात लिहून आणा.